नावलौकिक

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आरंभी, सायंकाळचा मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर बसलो होतो. तेवढ्यात धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या कन्येसह आले. मुलीला अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक होते नामांकित, प्रचंड विद्यापीठ. तेथे पाठवायचे तर वाडीचा एक तुकडा विकावा लागणार होता. दुसरे होते दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचे निवासी महाविद्यालय. ते खर्चाचा बराचसा भार स्वतः उचलणार होते. गृहस्थांचा कल मात्र पहिल्याकडे होता.

"फादर, कॉलेज चांगलं असेलही, पण त्याचं नाव इथं कुणी ऐकलंय? उद्या लग्नाच्या मांडवात कुणी विचारलं, मुलगी कुठं शिकते, तर काय सांगायचं?"

या प्रश्नाचे आम्हांला हसू यायला हवे होते, आले नाही. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका पित्याला "नाव मोठे आहे, तिथेच घाला," असा सल्ला आम्हीच दिला होता. मुलगा बुद्धिमान, पण अबोल. शेकडोंच्या वर्गात त्याला कोणी ओळखले नाही, त्यानेही कोणाला काही विचारले नाही. दुसऱ्याच वर्षी शिक्षण सोडून तो घरी परतला. त्याचे वडील त्याबद्दल आम्हांला कधी बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे आम्हांला आजही बोचते.

म्हणून या वेळी आम्ही दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या छोट्या महाविद्यालयांविषयी वाचत बसलो.

अमेरिकेत त्यांना 'लिबरल आर्ट्स' महाविद्यालये म्हणतात. हे 'आर्ट्स' म्हणजे आपल्याकडची कला शाखा नव्हे. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत व खगोलशास्त्र या मध्ययुगीन सात विद्यांचा तो वारसा. आज तेथे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकतो आणि इतिहासाचा विद्यार्थी गणित. विल्यम्स (१७९३), ॲमहर्स्ट (१८२१), क्वेकरपंथीयांनी स्थापिलेले स्वार्थमोर (१८६४) ही त्यांतील अग्रगण्य नावे. प्रत्येकाची विद्यार्थिसंख्या दोन हजारांच्या आसपास. विल्यम्समध्ये तर काही विषय दोनच विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असे शिकवले जातात. एकाने निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची. हे वाचताना आम्हांला आमची सेमिनरी आठवली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अवघे अठराजण होतो. पाठ न करता वर्गात आलेला विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेतून कधी सुटला नाही.

परंतु छोटेपण म्हणजे साधेपण, असा समज कोणी करून घेऊ नये. त्या अग्रगण्य महाविद्यालयांत शंभर अर्जदारांपैकी नव्वदांना किंवा त्याहून अधिकांना नकार मिळतो आणि त्या नकारांवरच प्रतिष्ठेचा मनोरा चढत जातो. १९८३ साली 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या नियतकालिकाने महाविद्यालयांची क्रमवारी लावण्यास प्रारंभ केला. अर्ज किती नाकारले, यालाही तीत २०१८पर्यंत गुण होते. ऑरेगन राज्यातील रीड महाविद्यालयाने मात्र १९९५ साली या क्रमवारीला माहिती पुरवणेच थांबवले. शर्यतीबाहेर उभे राहण्याचे ते धैर्य आम्हांला मोलाचे वाटले.

वाचता वाचता आम्ही एका कॅथलिक महाविद्यालयाशी येऊन थांबलो. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहरात बोस्टनचे बिशप बेनेडिक्ट फेनविक यांनी १८४३ साली 'होली क्रॉस' स्थापन केले व ते येशूसंघीयांच्या हाती सोपवले. कॅथलिकांविषयीच्या आकसापोटी तेथील विधिमंडळाने त्याला सनद नाकारली. १८६५पर्यंत तेथील पदव्या जॉर्जटाउनच्या नावाने दिल्या जात. ज्याला आपल्या पदवीवर स्वतःचे नावही घालता येत नव्हते, अशा त्या महाविद्यालयाच्या १८४९च्या पहिल्या तुकडीत प्रथम आला जेम्स ऑगस्टीन हीली. पिता आयरिश मळेवाला, माता गुलाम. जॉर्जियाच्या कायद्याने मुलगाही गुलामच. पुढे १८७५ साली तो मेन राज्यातील पोर्टलंडचा बिशप झाला.

याच महाविद्यालयाचे पहिले अध्यक्ष होते फादर थॉमस मलेडी. मेरीलँडचे प्रांताधिकारी असताना १८३८ साली त्यांनी येशूसंघाच्या मालकीची २७२ गुलाम माणसे लुइझियानात विकली. त्यातील काही रक्कम जॉर्जटाउनचे कर्ज फेडण्यास गेली. होली क्रॉसमधील एका इमारतीला दिलेले त्यांचे नाव अलीकडच्या काळात काढून टाकण्यात आले. हे वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. नामवंत संस्थेचे नाव टिकावे म्हणून नावगाव असलेली माणसे विकली गेली होती, आणि ती विकणारे आमच्यासारखेच धर्मगुरू होते.

दोन दिवसांनी बापलेक पुन्हा आले. आम्ही सल्ला दिला नाही. आधी आमच्या जुन्या चुकीची कहाणी सांगितली, मग एवढेच म्हणालो, "संस्थेचे नाव किती लोकांना ठाऊक आहे, हे आपण दोघांनी पुष्कळ पाहिले. मुलीचे नाव तेथे किती जणांना ठाऊक असेल, हेही विचारून पाहू या."

मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "फादर, मी दोन्हीकडे पत्र पाठवून विचारलं, पहिल्या वर्षी वर्गात मुलं किती असतात? छोट्या कॉलेजातून एका प्राध्यापिकेनं स्वतः उत्तर लिहिलं: सोळा."

गृहस्थ काही बोलले नाहीत. वाडीचा तुकडा मात्र विकला गेला नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. तिसऱ्याच दिवशी तिने घरी फोन करून सांगितले, की बाईंनी तिला थांबवून तिच्या नावाचा खरा उच्चार विचारला आणि तो वहीत टिपून घेतला. तिच्या वडिलांना त्या महाविद्यालयाचे नाव अजून नीट उच्चारता येत नाही. नाताळात एका लग्नाच्या मांडवात कोणीतरी विचारलेच. ते क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "लहानसं आहे. पण तिला तिथं सगळे ओळखतात."