चौदा वर्षांचा कॅमेरा

११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांना गाताना दाखवलं होतं. आपल्या ओळखीचा शाहीर असा का गेला, हे शोधत पटवर्धन फिरत राहिले. 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला तो २०११ मध्ये, चौदा वर्षांनी.

बातमीचा कॅमेरा एवढा थांबत नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तो १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरला आला, दुष्काळात टँकरभोवती आला. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मात्र दरवर्षी बिऱ्हाड बांधतात. पोरांची शाळा सुटते, म्हातारी माणसं मागे राहतात. त्यांच्यासोबत एक अख्खा हंगाम कोण काढणार?

आज मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराच्या हातात मोबाईल आहे. मी त्यांना एवढंच सांगतो: आधी समोरच्याला विचारा, त्याचं पुरतं ऐका, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच दारी जा.