न नांगरलेले खाचर

आमचे घराणे कोकणातले. चिखलणीवाचून भात नाही, या समजुतीतच आम्ही वाढलो. पुढे संस्कृताच्या व्यासंगात ‘कृषिपराशर’ वाचण्यात आला. त्यात हेमंतातील नांगरटीला सुवर्णतुल्य मानले आहे, हे आम्ही वर्गातही मोठ्या अभिमानाने सांगत असू. (शिक्षकाचा स्वतःच्या व्याख्यानावर फार लवकर विश्वास बसतो.) त्यामुळे तीन वर्षांपूर्वी पुतण्या म्हणाला, “काका, खालच्या खाचरात यंदा एकदाच वाफे करू, पुढे नांगर आणि चिखलणी दोन्ही बंद,” तेव्हा आम्ही त्यास चारचौघांत आळशी म्हटले. आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

त्याने घेतलेली पद्धत नेरळच्या सगुणा बागेतील. कायमच्या गादीवाफ्यांवर भाताचे बी टोकावयाचे आणि कापणीनंतर मुळे उपटावयाची नाहीत. ती जागीच कुजतात व त्यांच्या पोकळ वाटांनी पाणी आणि हवा खोल जाते. नांगरटीने माती उघडी पडते, तिच्यातील सेंद्रिय अंश सूक्ष्म जंतू झपाट्याने संपवितात. चिखलणीने तर खाली कठीण थर बसतो. तो भाताचे पाणी धरतो खरा, परंतु मागून पेरलेल्या वालाची मुळे तेथेच अडतात. “खालच्या खाचरातला वाल मेला खुरटाच,” असे आमच्या मातोश्री म्हणत. त्याचे कारण आम्हास पन्नास वर्षांनी कळले!

वस्तुतः वाल हेच जमिनीचे पांघरूण. तो माती झाकतो आणि त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र मातीस देतात. तागाचाही हाच गुण. तो फुलावर येताच आम्ही नांगराने गाडीत असू. पुतण्या कापून वरच पसरतो.

पहिल्या वर्षी तणाने मात्र छळले. तणनाशक मारावे असे पुष्कळांनी सुचविले. ते आम्हास रुचले नाही, अजूनही रुचत नाही. घरच्या सुनांनी खुरपली धरली आणि आमच्यावर रोष धरला. भातही त्या वर्षी कमीच आले.

गेल्या मार्गशीर्षात त्या खाचरात आम्ही कुदळ मारून पाहिली. ढेकूळ बोटांनी चुरले, आत गांडुळे होती. वरच्या, नांगरलेल्या खाचरात एकही सापडले नाही. बोललो होतो चारचौघांत, तेव्हा चूकही चारचौघांतच कबूल केली. पुतण्या आता वरच्या खाचराचे विचारतो आहे. गोठ्यातली बैलजोडी पाहून आम्ही अद्याप होकार दिलेला नाही.