टायरचे वय

गाडी जुनी झाली की माणूस इंजिनाकडे पाहतो, बॅटरीकडे पाहतो, रंगाकडे तर हमखास पाहतो. टायरकडे मात्र तो पंक्चर झाल्यावरच पाहतो. पाहिले तरी एकच गोष्ट पाहतो, नक्षी किती उरली. टायर गोटा झाला की बदलायचा आणि नक्षी आहे तोवर चालवायचा, हा आपल्याकडचा सरसकट नियम. रोज धावणाऱ्या ट्रकला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. पण जी गाडी वर्षातले बरेच महिने दारात उभी असते, तिच्या बाबतीत हा नियम फसवा आहे. अशाच एका गाडीचा प्रश्न 2024 साली आमच्या घरात उभा राहिला, म्हणून हे चार शब्द.

आमच्या धाकट्या दिरांची सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी अशा गाडीचा धंदा हंगामी असतो. लग्नसराईत अकोट, दर्यापूर, परतवाड्याच्या वराती. दसऱ्याला दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला चैत्यभूमी. आणि दोन-तीन वर्षांतून एकदा बोधगया, सारनाथ, कुशीनगरची बारा-पंधरा दिवसांची यात्रा. या यात्रेत ती गाडी म्हणजे चाकांवरचे घरच असते. टपावर गाद्या, मागच्या सीटखाली पिठाचा डबा आणि तांदळाचे पोते, वाटेत सावली दिसली की स्वयंपाक. लेकरे सीटवर झोपतात, म्हातारी माणसे मधल्या जागेत सतरंजी टाकतात. हंगाम संपला की हे घर उन्हात उभे. 2020 आणि 2021 च्या टाळेबंदीत तर ते महिनोन् महिने जागचे हलले नाही.

2024 च्या दिवाळीच्या सुटीत बोधगयेला जायचे ठरले. माझ्या सासूबाई, जाऊबाई, दोन्ही घरची लेकरे आणि शेजारची काही वडीलधारी माणसे अशी सतरा जणांची यादी झाली. यात्रेचा हिशेब दरवेळी माझ्याकडे असतो. डिझेल, टोल, किराणा असे एकेक लिहिताना मी दिरांना विचारले, "भाऊजी, टायरचे काय?"

ते म्हणाले, "वहिनी, नक्षी पाहा ना. अजून दोन साल कुठी जात नाहीत हे टायर."

नक्षी खरोखरच चांगली होती. मोटारीच्या टायरच्या खाचा किमान 1.6 मिलिमीटर खोल असाव्यात असा दंडक आहे. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला असे समजावे. आमच्या टायरचे उंचवटे अजून कितीतरी खाली होते. पण पंक्चरच्या दुकानातल्या जाणत्या कारागिराने बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे बोटाने पुसून दाखवले, 1417. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2017 च्या चौदाव्या आठवड्यातला, एप्रिल महिन्यातला हा टायर. यात्रेला निघेपर्यंत त्याला साडेसात वर्षे होणार होती.

रबर नुसते घासून झिजत नाही, ते वयानेही म्हातारे होते. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होते, त्याचा लवचीकपणा जातो, मग बारीक भेगा पडतात. रबरात भेगा रोखणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरते, टायर दबतो-उठतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. त्यातून आपला वऱ्हाडचा उन्हाळा, पारा 45 अंशांच्या वर जाणारा. म्हणजे उभी गाडी टायर वाचवते असे आपण समजतो, प्रत्यक्षात ती फक्त नक्षी वाचवते.

मग बदलायचे कधी? आपल्या कायद्यात टायरच्या वयाची मर्यादा नाही. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही चांगली दिसो, वापरू नये. कित्येक गाड्यांचे निर्माते तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. मधली चार-पाच वर्षे मालकाच्या विवेकावर सोडलेली आहेत.

या विवेकाची किंमत काय असते हे इंग्लंडमधल्या एका आईने जगाला दाखवले. 10 सप्टेंबर 2012 रोजी एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस सरे परगण्यात झाडावर आदळली. चालकासह तिघे गेले. त्यात लिव्हरपूलचा मायकेल मोलॉय हा 18 वर्षांचा मुलगा होता. पुढचा टायर फुटला होता, आणि तो टायर 19 वर्षांचा होता, म्हणजे मुलापेक्षाही वयाने मोठा! नक्षीच्या दृष्टीने त्यात बेकायदेशीर काही नव्हते. त्याची आई फ्रान्सिस मोलॉय घरी रडत बसली नाही. तिने वर्षानुवर्षे सरकारदरबारी दाद मागितली. अखेर 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना, तसेच मिनीबसच्या सर्व एकेरी चाकांना, दहा वर्षांपेक्षा जुना टायर लावण्यास बंदी झाली.

ही हकिकत मी घरी सांगितली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मागं बसणाऱ्याले काय माहीत, खाली काय हाये ते."

माझ्या मते सगळा प्रश्न या वाक्यात आला. गाडीत बसणारा माणूस टायर पाहून बसत नाही, तो आपल्यावर विश्वास ठेवून बसतो.

पण पैशांचे सोंग आणता येत नाही. पुढचे दोन, मागच्या जोडचाकांचे चार आणि स्टेपनी असे सात टायर, म्हणजे पुतणीची वर्षाची कॉलेज फी. फी थकवून टायर घ्यावेत असे मी म्हणणार नाही, आणि टायर टाळून फी भरावी असेही नाही. म्हणून आम्ही सरसकट न ठरवता एकेक टायर तपासायचे ठरवले. सगळे टायर रिमवरून उतरवून आतूनबाहेरून पाहिले. पुढचे दोन कडक झाले होते. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहणे कठीण, म्हणून ते तत्काळ बदलले. मागे डाव्या जोडीतल्या एकाच्या भिंतीवर भेगा निघाल्या. जोडचाकात एक नवा आणि एक झिजका ठेवला तर नव्यावर जास्त भार येतो, म्हणून ती जोडी बदलली. उजवी जोडी निर्दोष होती. ती ठेवली, पण घरातल्या कॅलेंडरवर पुढच्या एप्रिलची तारीख लिहून, की त्या दिवशी ती उतरणारच. स्टेपनी सर्वांना नवी वाटत होती, कारण ती कधी रस्त्याला लागलीच नव्हती. तिच्यावरही 1417 च होते! तीही बदलली. एकूण पाच टायर झाले. उरलेले पैसे फीला गेले.

रिमोल्ड करून भागले नसते काय, असे कोणी विचारील. रिमोल्ड वाईट नाही, एस.टी. महामंडळाचे स्वतःचे त्यासाठी प्रकल्प आहेत. पण त्याने वरची नक्षी नवी होते, आतले अंग तेवढ्याच वयाचे राहते. आपला प्रश्न वयाचा होता.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी एवढे करावे. भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात, ती समजूत उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. चमक यावी म्हणून टायरला ऑइल किंवा डिझेल फासू नये, रबर खराब होते. गाडी सावलीत ठेवावी आणि अधूनमधून फिरवावी. काढलेला टायर दुसऱ्या प्रवासी गाडीसाठी विकू नये. बैलबंडीच्या संथ चालीला तो खुशाल लावावा.

समृद्धी महामार्गासारखे लांब, सरळ सिमेंटचे रस्ते आता आपल्या जिल्ह्यातून गेले आहेत. त्यावर तासन् तास एकाच वेगाने टायर तापत राहतो. अपघात वाढले तेव्हा 2023 साली परिवहन विभागाला तेथे टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. पण तपासणीवाला झीज पाहील, तुमच्या टायरचे वय तुम्हीच पाहायचे आहे. आणि ते निघायच्या आदल्या रात्री, सामान टपावर चढल्यावर नव्हे. तेव्हा प्रत्येक टायर चांगलाच दिसतो. हंगाम संपला, गाडी रिकामी आहे, हातात वेळ आहे, तेव्हाच तारीख ठरवावी, आणि ठरवलेली तारीख आली की नक्षीकडे पाहून मन बदलू नये.