रंगारीमामांचं देणं

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराला दिवाळीआधी चुना लावायला रंगारीमामा येत. कळीचा चुना भिजवून गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि चिमूटभर नीळ. नीळ कशाला, असं मी लहानपणी विचारलं. सुकलेला चुना जरा पिवळट दिसतो, निळीने तो पांढराशुभ्र भासतो, असं त्यांनी सांगितलं. रंगाकडे नीट बघायला मी तिथून शिकले.

मामा आधी पूर्व भागात चादरींचं सूत रंगवायला होते. ते काम सुटल्यावर त्यांनी कुंचला धरला. सुताची छटा दिवसाच्या उजेडात जुळवायची, दिव्याखाली नाही, ही तिथली शिस्त त्यांनी भिंतीवर आणली.

एकदा वडिलांच्या मनात आलं, दगडमातीच्या त्या भिंतींना ऑइल पेंट द्यावा, म्हणजे दरवर्षीची कटकट नको. मामांना त्यात चुन्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळाले असते. पण त्यांनी नकार दिला. "अशी भिंत ओल धरते आणि सोडते. वरून ऑइलचा थर बसला की ओल आत कोंडते, मग पोपडे सुटतात." पुढे कमावती झाले, तेव्हा कामाचा प्रामाणिकपणा म्हटलं की मला मामांचा तो नकारच आठवायचा.

जुळे सोलापुरात आम्ही घर बांधलं. शेडकार्डावरचा गर्द आंब्याचा पिवळा माझ्या मनात भरला होता. मामा वाद घालत बसले नाहीत. प्लास्टर वाळायला महिनाभर थांबवलं, मग लांबी-प्रायमर झाल्यावर समोरासमोरच्या दोन भिंतींवर हातभर रुंदीचे पट्टे ओढले. "सकाळी बघा, दुपारी बघा, ट्यूब लावून बघा. मग सांगा." बोटभर चौकोनात छान दिसणारा रंग चार भिंतींवर गेला की एकमेकींवर पडून गडद होतो, हे त्या पट्ट्यांनी दाखवलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की तो पिवळा डोळ्यांना सोसवेना. शेवटी फिकट पिस्ता ठरला. स्वयंपाकघराला धुता येणारा, किंचित चमकीचा. हॉलला मॅट, कारण चकाकी भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा उघडा पाडते.

सगळ्यात मोठं ऋण वडिलांच्या खोलीचं. त्यांची नजर अधू झाली होती. मी सगळं पांढरं, चकचकीत करायला निघाले होते. उजेड वाढेल असं वाटलं. मामा वडिलांजवळ बराच वेळ बसले, त्यांना काय दिसतं, काय नाही, ते विचारत राहिले. मग भिंती फिकट, पण अजिबात चमक नसलेल्या केल्या, म्हणजे उजेड डोळ्यांवर येणार नाही. दाराची चौकट गडद तपकिरी. बटणांच्या पांढऱ्या बोर्डाभोवतीही तसाच जाड पट्टा. वडील हात न धरता दारापर्यंत जाऊ लागले, दिवा स्वतः लावू लागले. एरवी कुणाला हाक मारायलाही संकोचणाऱ्या माणसाला ते केवढं होतं, हे मी जवळून पाहिलं. मामांनी मजुरी घेतली ती नेहमीचीच.

आता त्यांच्याने शिडीवर चढवत नाही. ओळखीचं कुणी रंग निवडायला मला बोलावतं, तेव्हा मी आधी हे ज्ञान कुणाचं ते सांगते आणि मग भिंतीवर पट्टे ओढायला लावते.