रॅक 1 नग

सणसवाडीत लोखंडाला तोटा नाही. नगर रोडला कारखाने, त्यांना जॉबवर्क करून देणारी फॅब्रिकेशनची शेडं, आणि शिक्रापूरपासून रांजणगाव एमआयडीसीपर्यंत हातात होल्डर धरणारी कितीतरी पोरं. तरी आमच्या भागातल्या एका वाचनालयात पुस्तकं गोणीत भरून ठेवलीत. कारण विचारलं तर सांगतात, रॅक वाकला. तोही दोन वर्षांत.

मंडळी, पुस्तकं दिसतात त्यापेक्षा जड असतात. एका फुटाला आठ-दहा किलो धरा. तीन फुटी फळीवर तीसेक किलो, पाच फळ्यांवर दीडशे. पातळ पत्रा नुसता नटबोल्टवर टांगला तर दुसरं काय होणार?

घरची पुस्तकं वाढली म्हणून गेल्या महिन्यात रॅक घरीच केला. शेजारी राहणारा वेल्डर रविवारी मदतीला आला. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, एक फूट खोल, पाच फळ्या. 25 मिमीचा, 2 मिमी जाडीचा चौकोनी पाइप. वीस फुटी चार नग पुरले. फळ्यांना 18 गेजचा पत्रा. सगळं मिळून वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि खर्च रंगासकट पाच हजारांच्या आत.

पठ्ठ्याने आधी कुठेच पक्कं वेल्डिंग मारलं नाही. नुसते टाके. मग दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे भरले तेव्हाच पुढे गेला. एक जोड इकडचा, एक समोरचा, कारण एकाच बाजूने मारत गेलं की लोखंड तापून खेचतं आणि चौकट पिळते. रॉड अडीच मिमीचा. करंट जास्त ठेवला तर पाइपला भोक पडतं. मागे तिरकी पट्टी मारली, ती नसेल तर रॅक डुलतो. ग्राइंडर, रेड ऑक्साइड, वर ऑइलपेंट, आणि शेवटी भिंतीला दोन बोल्ट. काळ्या काचेशिवाय त्याने मला जवळसुद्धा येऊ दिलं नाही.

जे एका वेल्डरला रविवारच्या दिवसात जमतं, ते सार्वजनिक पैशातून का जमू नये? मी काही अंदाजपत्रकं पाहिली. त्यात लिहिलेलं असतं, ‘रॅक 1 नग’. गेज नाही, पाइपची जाडी नाही, किती किलो भार पेलायचा तेही नाही. मग पुरवठादार सगळ्यात पातळ तेच देणार, आणि तपासणारा नग मोजून सही करणार. कागदावर सगळं बरोबर!

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांचा विचार करून. आपण साधी फळी सरळ ठेवू शकत नाही, आणि एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरगी पुस्तकासाठी पुण्याची एसटी धरते. जायचं-यायचं भाडं तिचं, पातळ पत्र्यात वाचलेले पैसे दुसऱ्याचे.

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा व्हायला हवी. पुढच्या सभेत तीनच प्रश्न विचारा: पत्रा किती गेजचा? पाइप किती मिमीचा? फळीवर किती किलो चालतील? उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात अंदाजपत्रकाची प्रत मागा. आणि रॅक आला की सही व्हायच्या आधी गावातल्याच एखाद्या वेल्डरला तो हलवून बघायला सांगा. त्याला अर्धा मिनिट पुरेल.