डायलवरचं नाव आणि आतलं मशीन

आजोबांचं हेन्री सँडोज आता माझ्याकडं आलंय. साताऱ्याच्या घरातल्या मंडळींना ते चांगलंच ओळखीचं. सकाळच्या चहाआधी त्याला चावी द्यायची, हा आजोबांचा नेम. ते गेल्यापासून घड्याळ कपाटात बंद पडून होतं. एका मोठ्या दुकानात नेलं, तर म्हणे, "याचे पार्ट येत नाहीत. आत क्वार्ट्झ मशीन टाकतो, डायलही नवी करून देतो." (मग आजोबांचं राहिलं काय? मागचं झाकण?)

म्हणून सांगली गाठली. मामाच्या ओळखीचे एक वयस्कर घड्याळवाले तिथं अजून बसतात. त्यांनी झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "सँडोज वरून. आत एफएचएफ आहे, शहाण्णव नंबर."

मला वाटलं, आजोबांना फसवलं की काय कुणी! पण त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बॅलन्सच्या चाकाखाली खरंच बारीक शिक्का होता.

घरी येऊन वाचत बसलो. स्वित्झर्लंडात ही रीतच होती. न्यूशातेल भागातल्या फाँतेनमेलों गावात १७९३ साली कच्च्या मशिनांचा कारखाना निघाला. एफएचएफ तो हाच. अशा मशिनाला तिकडं 'एबोश' म्हणतात. एकानं ती ढिगानं करायची, बाकीच्यांनी विकत घेऊन जुळवायची, केसमध्ये बसवायची आणि डायलवर आपलं नाव घालायचं. १९२६ मध्ये एफएचएफ, ए. शिल्ड आणि ए. मिशेल एबोश एसए या छत्राखाली आले, १९३२ मध्ये एटाही. मग क्वार्ट्झची लाट आली. १९७० च्या सुमारास या धंद्यात नव्वदेक हजार माणसं होती, ती पंधरा वर्षांत तीसेक हजारांवर आली. एफएचएफ एटात विरून गेली. एटा आज स्वॉच समूहात आहे.

आपल्या एचएमटीचं तरी काय? १९६१ मध्ये बंगळूरला सुरुवात झाली ती जपानच्या सिटिझनचं तंत्र घेऊन. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, पण बाबांची 'जनता' अजून टिकटिकतेय.

आजोबांच्या घड्याळाचा बॅलन्स स्टाफ मोडला होता. केसाएवढी बारीक त्याची टोकं, घड्याळ पडलं की आधी तीच जातात. घड्याळवाल्यांनी खालचा खण ओढला. आत मेलेली मशिनं, डबीडबीत. आमच्या घड्याळात बसलेला स्टाफ भलत्याच नावाच्या घड्याळातून निघाला! मशीन सगळ्यांचं एकच, म्हणून तर जमलं. सँडोजनं स्वतःचंच काही वेगळं मशीन केलं असतं, तर सांगलीत त्याचा पार्ट मिळाला असता का?

आता रोज चार मिनिटं मागं पडतं. ते म्हणाले, "आठवडाभर चालवा, मग लावून देतो."

दादाला अजूनही डायल रंगवून घ्यायचीय. दादा, वाचतोयस ना? नाही म्हणजे नाही.

एक विनंती. त्या डबीत शहाण्णवचा एकच स्टाफ उरलाय, आणि त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. कुणाच्या घरी जुनं चावीचं घड्याळ बंद पडलं असेल, तर भंगारात देण्याआधी झाकण उघडून बघा. शिक्का एफएचएफ ९६ निघाला तर मला कळवा. वर नाव कुठलंही असो.