सम हरवलेला ठेका

महाराष्ट्राबाहेरचा मराठी मुलूख पाहायची मला जुनी हौस. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण पांढुर्णा आणि सौसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. 2023 मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य एक आणि घरातली बोली दुसरी, हे काय असतं ते आम्हां गोंयकारांना कुणी समजावून सांगायला नको! म्हणून गेल्या हिवाळ्यात, संत्र्यांच्या दिवसांत, मी तिथे पोहोचलो.

सकाळी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी उभा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते ती ही जागा. एरवी अगदी शांत. आणि त्या शांततेत माझ्या छातीत अचानक धडपड सुरू झाली. एखाद्या पोराच्या हाती घुमट पडावं आणि त्यानं ते वाटेल तसं बडवावं, तशी. दुखत नव्हतं. पण आत काहीतरी सुटलंय, एवढं नक्की कळत होतं.

मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके लगोलग, मग खंड, मग तीन घाईघाईनं, मग एक अगदी पुसट. आयुष्य मैफिली ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे मी वेड्यासारखा सम शोधू लागलो. आमच्या लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांबद्दल लहानपणापासून ऐकत आलो होतो. हातांनी वेगळी लय, पायांनी वेगळी, पण सगळं अखेर समेवर येऊन मिळायचं. इथे मिळण्याचं नाव नव्हतं.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. 'पित्त झालं असणार' म्हणून सोडा प्यालो आणि ठरल्याप्रमाणे गाडीनं सौसरकडे निघालो. जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमानाचं दर्शन घ्यायचं होतं. वाटेत गाडीवाल्या पोरानं आरशातून पाहिलं. "काकाजी, तुमाले भल्ला घाम येऊन रायला. देव कुठी पळून नाही जात, आधी दवाखान्यात चाला." विचारायलाही न थांबता त्यानं सौसरला गाडी दवाखान्यासमोर उभी केली.

डॉक्टरांनी ताबडतोब ईसीजी काढला. म्हणाले, "ठोके बिघडलेले असतानाच आलात हे चांगलं झालं. थांबल्यावर आला असता तर कागदावर काहीच दिसलं नसतं." त्या दिवशी 'एट्रियल फिब्रिलेशन' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना ठेका देणारी एक जागा असते. तिचं कुणी ऐकेनासं झालं की ते कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात, मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा. मधली गाठ त्यातले थोडेच संदेश खाली सोडते, तेही वाटेल तेव्हा. म्हणून नाडीला ताल राहत नाही.

खरी भीती वेगळीच, हे नागपूरला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. ही शक्यता साधारण पाचपट वाढते. माझं वय सदुसष्ट, वर रक्तदाब. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची. ठोके त्याच संध्याकाळी आपसूक ताळ्यावर आले होते, म्हणून मी जरा कुरकुरलो. ते शांतपणे म्हणाले, "ठोके परत आले, धोका गेला नाही."

घरी आल्यावर पहिला महिना फार वाईट गेला. हात सारखा मनगटावर. रात्री डाव्या कुशीवर वळलो की उशीत ठोके ऐकू यायचे, मग झोप कसली? जुन्या वैद्यांनी नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस अशा उपमा दिल्या, त्या शार्ङ्गधराच्या ग्रंथात आहेत. मी रोज रात्री त्यातला एकेक प्राणी ओळखत बसायचो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "ती नाडी, जपमाळ न्हय!"

त्या वाक्यानं मी जागा झालो. आता नियम साधे आहेत. गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी किंवा कसलाही काढा घ्यायचा नाही. धडधड सुरू झाली तर बसायचं, घड्याळ पाहून वेळ लिहायची, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि डॉक्टरांना कळवायचं. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली किंवा बोबडी वळली, तर काहीएक विचार न करता इस्पितळ गाठायचं. सोडा पीत बसायचं नाही!

त्यानंतर दोनदा ठेका पुन्हा हरवला. भीती वाटली, नाही असं नाही. पण सम शोधत बसलो नाही. कागदावर वेळ लिहिली, फोन केला, खिडकीपाशी बसून राहिलो.

जामसावळीचं दर्शन मात्र राहून गेलं. त्या गाडीवाल्या पोराचा नंबर जपून ठेवलाय. यंदा संत्री आली की पुन्हा जाईन म्हणतो.